डुकराला लायसन लागत नाही, पण तुम्हाला लागतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहात, तीन वर्षं न्यू जर्सीत होतात, यंदा जूनच्या मध्यावर टेक्सासात ऑस्टिनला आलात. बायको एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. मुलगा १० वर्षांचा, जन्म न्यू जर्सीचा. ऑफिसमधल्या एका टेक्सन सहकाऱ्याची लॅनोकडे रँच, म्हणजे मोठी खाजगी जमीन, आहे आणि तो म्हणतोय की नोव्हेंबरात सगळे या, रानडुकरं मारू, जमलं तर हरीणही मारू, डुकराला टेक्सासात लायसनच लागत नाही, बंदुका माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त बूट घालून या. तर तुमचे प्रश्न असे की लायसन खरंच लागत नाही का, लागलं तर रेसिडेंटचं काढायचं की नॉन-रेसिडेंटचं, सेफ्टी कोर्स ऑनलाइन केलेला चालतो का, आणि पोराला नेता येईल का.

मी मूळचा संगमेश्वरकडचा, टेक्सासात २२ वर्षं झाली, त्यातली शेवटची ११ वर्षं हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकारीतल्या सुरक्षेचे, वर्ग घेतो, फुकट, हौसेने. वकील नाही. व्हिसाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या इमिग्रेशन वकिलाचा, माझा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण आपल्या मंडळींकडून हाच प्रश्न मला दर ऑक्टोबरला कुठूनतरी येतो आणि दरवेळी विचारणाऱ्याचं लक्ष चुकीच्या ठिकाणी असतं, म्हणून जरा लांब लिहितोय.

तुमचा सहकारी खोटं बोलत नाहीये. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकराला हंटिंग लायसन लागत नाही. रेसिडेंट असो, नॉन-रेसिडेंट असो. डुकरांनी इथे शेतांची इतकी वाट लावलीय की सरकार म्हणतं मारा बाबांनो, कागद नंतर बघू. पण तो जन्माने अमेरिकन आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यात फक्त एकच प्रश्न येतो, की हे जनावर मारायला स्टेटची परवानगी लागते का. तुमच्यापुढे त्याच्याआधी दुसरा प्रश्न आहे जो त्याला आयुष्यात कधी पडलेला नाही, आणि तो म्हणजे तुम्ही बंदूक हातात धरू शकता का.

फेडरल कायद्यात १९९८ साली एक कलम घातलं गेलं, की जो माणूस नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर अमेरिकेत आहे त्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन सगळे यात आले. विकत घेणं सोडा, जवळ बाळगणं सुद्धा, आणि मित्राची बंदूक मित्राच्याच रँचवर तासभर हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. आता याला काही अपवाद आहेत आणि आपल्यासारख्यांच्या कामाचा मुख्य अपवाद एकच, की त्या माणसाकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी स्टेटने रीतसर दिलेलं, चालू असलेलं हंटिंग लायसन पाहिजे. फिशिंगचं नव्हे, हंटिंगचं. बस. म्हणजे गंमत बघा, ज्या कागदाची डुकरासाठी टेक्सासला गरज नाही, तोच कागद खिशात नसेल तर तुमच्या हातातली रायफल फेडरल गुन्हा ठरते. डुक्कर लायसनशिवाय मरू शकतं, पण तुम्ही लायसनशिवाय बंदूक उचलू शकत नाही.

शिक्षा किती, तर कायद्यात १५ वर्षांपर्यंत कैद लिहिलीय (२०२२ पर्यंत ती १० होती). नवख्या शिकाऱ्याला कोणी उठून इतकी वर्षं आत टाकतो असं मी म्हणत नाही, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढायला तेवढं पुरतं, ग्रीन कार्डवाल्यालाही. ज्याची ग्रीन कार्डची लाइन दहा-बारा वर्षांची आहे त्याने एका डुकरासाठी ती जोखीम घ्यावी का, हे मी सांगायला नको. शिवाय ज्याला बंदूक बाळगता येत नाही हे माहीत असून त्याच्या हातात ती दिली तर देणाराही अडकतो. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याची सुद्धा मान त्यात आहे, त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसेल. त्याला सांगा, रागावणार नाही, उलट आभार मानेल.

आणि हो, हेच शूटिंग रेंजवर पण लागू होतं. 'फक्त टार्गेटवर मारली हो, जनावर कुठे मारलं' असं म्हणून चालत नाही. न्यू जर्सीत असताना कुणाच्या बॅचलर पार्टीला रेंजवर गेला होतात का, हे मी विचारत नाही, तुम्ही इथे लिहूही नका.

आता दुसरा गोंधळ, 'रेसिडेंट' या शब्दाचा. आपल्या लोकांना हा शब्द ऐकला की ग्रीन कार्डच आठवतं. एक रेसिडेंट इमिग्रेशनचा, तो पर्मनंट रेसिडेंट. दुसरा टॅक्सवाल्यांचा, तिथे तुम्ही एच-वनवर असूनही रेसिडेंट धरले जाता. तिसरा हंटिंग लायसनवाल्यांचा, आणि त्याचा पहिल्या दोघांशी काडीचा संबंध नाही. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे इथलं शिकार-मासेमारीचं खातं, फक्त एवढंच बघतं की अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त तुम्ही टेक्सासात राहताय का. व्हिसा कुठला, पासपोर्ट कुठला, काही देणंघेणं नाही. एच-वनवाला सहा महिन्यांनंतर पक्का टेक्सास रेसिडेंट, आणि ओक्लाहोमाहून गेल्या महिन्यात आलेला सात पिढ्यांचा अमेरिकन नॉन-रेसिडेंट. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने ग्रीन कार्ड नाही म्हणून तीन वर्षं नॉन-रेसिडेंटचे पैसे भरले होते हो, कुणी सांगणारंच भेटलं नाही.

पैशांत फरक किती, तर रेसिडेंट हंटिंग लायसन २५ डॉलर आणि नॉन-रेसिडेंटचं जनरल लायसन ३१५. (हे आकडे मी वापरत आलोय ते देतोय, काढण्याआधी खात्याच्या साइटवर एकदा बघून घ्या, दर बदलतात.) त्यामुळे मोह होतो, की ड्रायव्हिंग लायसन तर टेक्सासचं झालंय, काउंटरवरचा पोरगा कुठे विचारतोय किती महिने झाले, देऊ ठोकून. नका करू. खोटी माहिती देऊन काढलेलं लायसन हे रीतसर दिलेलं लायसन राहत नाही, आणि तुमचा तर सगळा डोलारा त्या एका 'रीतसर'वर उभा आहे. सिटिझनने खोटं सांगितलं तर दंड भरून सुटेल, तुमच्या बाबतीत लायसन गेलं की मागोमाग बंदूक धरायचा हक्कही गेला.

तुमचं गणित मांडू. जूनच्या मध्यावर आलात म्हणजे सहा महिने डिसेंबरच्या मध्यावर पूर्ण होतात. नोव्हेंबरात तुम्ही नॉन-रेसिडेंट. लॅनो येतं नॉर्थ झोनमध्ये, तिथे व्हाइटटेल हरणाचा जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. म्हणजे तुम्ही डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुट्टी धरलीत तर २५ डॉलरमध्ये रेसिडेंट लायसन, त्यात हरणाचे टॅग (मारलेल्या हरणाला बांधायच्या चिठ्ठ्या) आलेच, आणि सीझनचे अजून दोन-अडीच आठवडे शिल्लक. नाताळच्या सुट्टीत ऑफिस तसंही बंदच असतं. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

नोव्हेंबरातच जायचं असेल आणि फक्त डुकरं करायची असतील तर आणखी एक वाट आहे, नॉन-रेसिडेंट स्पेशल पाच दिवसांचं लायसन, ४८ डॉलर. त्यावर हरीण आणि टर्की चालत नाही, पण डुक्कर इथे 'एक्झॉटिक'मध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या जनावरांत, मोडतं, ते चालतं. टेक्सासला तुमच्याकडून ते ४८ डॉलर नकोच आहेत, तुम्ही ते फेडरलच्या अपवादासाठी भरताय, हे लक्षात ठेवा. आणि पाच दिवस म्हणजे पाचच सलग दिवस. सहाव्या दिवशी सकाळी सहकारी म्हणाला चल जरा रायफल झिरो करू (म्हणजे दोन-चार बार काढून स्कोप निशाण्याशी जुळवू), तर नको म्हणायचं. तशीच गोष्ट पूर्ण वर्षाच्या लायसनची. इथलं लायसन कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं, नवं १५ ऑगस्टपासून मिळायला लागतं. ज्यांनी पुढे जाऊन स्वतःची बंदूक घेतली (लायसन दाखवून एच-वनवाल्याला दुकानातून घेता येते, फॉर्मवर आय-९४चा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा, नंबर लिहावा लागतो) त्यांना मी सांगतो की १५ ऑगस्ट झेंडावंदनाची तारीख आहे, ती विसरणार नाही, त्याच दिवशी लायसन रिन्यू करायचं. १ सप्टेंबरला लायसन संपलेलं आणि कपाटात बंदूक, म्हणजे झोपेत गुन्हा.

बायकोचं म्हणाल तर त्यांना पण हेच सगळं लागू. एच-फोर आहे म्हणून सूट नाही आणि तुमचं लायसन त्यांना चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं. अडचण एकच येते की अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, तो सगळ्याच स्टेट्समध्ये मागतात, आणि एच-फोरवर काम करायची परवानगी नसेल तर नंबर नसतो. दुकानाच्या काउंटरवर हुज्जत घालू नका, खात्याच्या ऑफिसात फोन करून विचारा, तिथली माणसं समजूतदार असतात. त्यांना नुसतं सोबत यायचं असेल, बंदुकीला हात न लावता, तर काही लागत नाही. आणि खरंच शिकार करायची हौस असेल तर धनुष्यबाणाचा विचार करा. धनुष्य आणि क्रॉसबो फेडरल कायद्यात 'फायरआर्म' नाहीत, म्हणजे ते व्हिसाचं लफडंच येत नाही, स्टेटचं लायसन आणि सात डॉलरचं आर्चरी एंडॉर्समेंट (लायसनवरची धनुष्याची जोडपरवानगी) घेतलं की झालं. धनुष्याचा वेगळा सीझन साधारण सप्टेंबर संपता संपता सुरू होतो, एक महिना चालतो. हात बसायला मात्र सहा महिने घ्या, धनुष्याने अर्धवट लागलेलं जनावर बघणं फार वाईट असतं.

पोरगा. तुमच्या घरात सगळ्यात मोकळा तोच, तो सिटिझन आहे. १७ वर्षांखालच्यांना युथ लायसन सात डॉलर, रेसिडेंट-नॉन-रेसिडेंट भेदच नाही त्यात. नऊ वर्षं पूर्ण झाली की हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे तो पात्र आहे. पण त्याला बंदूक द्यायची की नाही हा कायद्याचा प्रश्न नाही. मी वर्गात दहा वर्षांची काही पोरं अशी बघितलीत की ज्यांच्या शेजारी मी डोळे मिटून बसेन, आणि चाळिशीचे बाप असे बघितलेत की ज्यांच्यापासून मी दोन पावलं मागे उभा राहतो. पहिल्या वर्षी त्याला बघायला न्या. पहाटे पाचला उठून थंडीत दोन तास न बोलता बसता आलं तर पुढच्या वर्षी विचार करा.

आता कोर्स. टेक्सासचा नियम असा की २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार करताना हंटर एज्युकेशन झालेलं असावं लागतं. ही तारीख प्रत्येक स्टेटची वेगळी आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३, इलिनॉयमध्ये १ जानेवारी १९८०, कोलोरॅडोत तर १ जानेवारी १९४९ म्हणजे बहुतेक आजोबांना पण करावाच लागतो. कॅलिफोर्निया-न्यू यॉर्कमध्ये पहिल्यांदा लायसन काढताना कोर्स नाहीतर जुन्या लायसनचा पुरावा पुढे टाकावाच लागतो. पण एकदा केलेला कोर्स जन्मभर चालतो आणि दुसऱ्या स्टेटमध्येही धरला जातो, म्हणजे उद्या मिशिगनला बदली झाली तरी वाया नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी व्हिसावाल्यांच्या फायद्याची आहे. बऱ्याच स्टेट्समध्ये आधी कोर्स, मग लायसन. टेक्सासात लायसन विकत घ्यायला कोर्स लागत नाही, शिकारीला उभं राहताना त्याचा पुरावा जवळ लागतो. म्हणजे क्रम असा ठेवता येतो की आधी लायसन, मग खरी बंदूक. काही वर्गांत शेवटी खऱ्या बंदुकीने दोन-चार बार काढायला देतात, तिथे तुमच्या खिशात लायसन आधीच असेल तर चिंता नाही. नसेल तर इन्स्ट्रक्टरला बाजूला घेऊन सांगा की मी व्हिसावर आहे, मी डमीवरच करतो. आमच्याकडे भगव्या रंगाच्या डमी असतात, त्यातून गोळी सुटूच शकत नाही, त्या कोणीही हाताळाव्यात.

ऑनलाइन चालतो का, तर १७ च्या पुढच्यांना टेक्सासात पूर्ण ऑनलाइन चालतो. पोराला नुसता ऑनलाइन चालणार नाही, त्याला वर्ग किंवा ऑनलाइन अधिक फील्ड डे, म्हणजे मैदानावरचं प्रात्यक्षिक. शिवाय १७ च्या पुढच्यांसाठी 'डिफरल' नावाची १० डॉलरची सोय आहे, आयुष्यात एकदाच, म्हणजे त्या लायसन-वर्षापुरता कोर्स पुढे ढकलायचा आणि कोर्स झालेल्या, लायसन असलेल्या मोठ्या माणसाच्या आवाजाच्या टप्प्यात राहून शिकार करायची. कायद्याने ठीक आहे. तुमचा सहकारी बहुतेक हेच सुचवेल.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको, वर्गाला या. १५ डॉलर आणि एक शनिवार. ऑनलाइनमध्ये तुम्ही चित्रावर क्लिक करता की कुठली पकड बरोबर, आणि बरोबर उत्तर देताही, आपली माणसं परीक्षेत हुशारच असतात. पण वर्गात डमी हातात दिली आणि मागून हाक मारली की दहातले सात जण बंदुकीसकट वळतात. नळी अख्ख्या वर्गाच्या पोटावरून फिरते. त्यांना कळतही नाही. एकदा सगळ्यांदेखत ते झालं की मग आयुष्यात परत होत नाही, ती लाज स्क्रीनसमोर वाटत नाही.

हे मी कुठल्या उंचीवरून बोलत नाहीये. माझ्या पहिल्याच सीझनमध्ये मी भरलेली रायफल खांद्याला अडकवून काटेरी तारेचं कुंपण चढलो होतो. ज्या म्हाताऱ्याने मला शिकवलं तो पलीकडे उभा होता, काही बोलला नाही, मी खाली उतरल्यावर रायफल काढून घेतली, गोळ्या काढल्या, स्वतःच्या खिशात टाकल्या आणि म्हणाला, जा, ट्रकमध्ये बस. दुपारपर्यंत बसलो. कुंपण ओलांडायचं तर गोळ्या काढायच्या, बोल्ट उघडा ठेवायचा, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर सरकवायची, नळी आपल्यापासून लांब, आणि आपण दस्त्याच्या बाजूने ओलांडायचं, नळीच्या बाजूने नाही. कुठे ओढा-खड्डा आला तरी तेच. माचाणावर चढताना पण बंदूक घेऊन चढायचं नाही, आधी पूर्ण अंगाचा हार्नेस घालून स्वतः वर जायचं, मग रिकामी बंदूक दोरीने वर ओढायची, नळी खाली करून. नवीन लोक गोळीला घाबरतात पण माचाणावरून पडायला घाबरत नाहीत, आणि मी ज्यांना ज्यांना हॉस्पिटलात बघायला गेलोय ते सगळे पडलेले होते.

दुसरी गोष्ट, गोळी कुठे जाऊन थांबते. हरणाला वापरतात ती थर्टी-ऑट-सिक्सची गोळी मोकळी गेली तर अडीच-तीन मैल जाऊ शकते, आणि पोरांच्या हातात देतात ती पॉइंट टू-टू सुद्धा मैलभराच्या वर जाते. म्हणून टेकडीच्या माथ्यावर आकाशाला लागून उभं असलेलं जनावर कितीही देखणं असलं तरी मारायचं नाही, त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. आणि दुर्बीण जवळ ठेवा. झुडपात काय हललं ते रायफलच्या स्कोपमधून बघायचं नाही, कारण ते तुमचाच मुलगा असेल तर तुम्ही त्याच्यावर भरलेली बंदूक रोखलेली असते.

आमच्या गावाकडे आजोबांच्या वेळी हाका घालायचे, १९७२ च्या कायद्याआधीची गोष्ट, हाकारे डबे वाजवत डुक्कर उठवायचे आणि पुढे चार-पाच ठासणीच्या बंदुका दबा धरून. डुक्कर दोन बंदुकांच्या मधून निघालं की दोघेही त्याच्याबरोबर वळायचे. असंच वळताना एकाच्या पिंढरीत छर्रे गेले, ते त्याच्या पायात शेवटपर्यंत होते, आम्हाला लहानपणी तो हात लावून बघायला द्यायचा. त्या मंडळींना जंगल माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त कळत होतं. पण 'तुझा बार इथपासून इथपर्यंत, त्याच्या बाहेर गेलं तर सोडून द्यायचं' हे कुणी ठरवून घेतलेलं नव्हतं. इथे वर्गात ते आखून शिकवतात, तिघं एका रांगेत चालत असतील तर प्रत्येकाला समोरचा साधारण ४५ अंशांचा तुकडा, मधल्याने मधलाच. डुकरं कळपाने येतात आणि फुटली की चहूकडे पळतात, त्यामुळे डुकराच्या शिकारीत हे हरणापेक्षा जास्त लागतं. रात्रीची शिकार पण डुकरासाठी कायद्याने चालते, दिवे लावून. सहकारी म्हणेल रात्रीच मजा आहे. पहिल्या वर्षी जाऊ नका.

एवढं का शिकवतात म्हणाल तर त्याचा पैसाही शिकारीतूनच येतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, पिस्तुलांवर १०, आणि तो पैसा स्टेट्सना जंगल-जनावरांसाठी आणि हंटर एज्युकेशनसाठी परत मिळतो. आम्ही इन्स्ट्रक्टर फुकट राबतो, पण पुस्तकं, डमी, रेंज त्यातूनच येतात. टेक्सासात हा कोर्स १९८८ पासून सक्तीचा झाला.

रँचवरच्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगतो. कुंपणाच्या खांबांवर किंवा झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती शोभा नाही, टेक्सासात जांभळा पट्टा म्हणजे 'आत यायचं नाही' अशी कायदेशीर पाटी आहे. जखमी डुक्कर तिकडे गेलं तरी शेजाऱ्याला फोन करायचा, मग जायचं. भगवं जॅकेट खाजगी जमिनीवर सक्तीचं नाही (सरकारी शिकारीच्या जमिनीवर आहे), तरी तिघांनीही घाला, हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. हरीण पाडलं तर तिथल्या तिथे टॅगवर महिना आणि तारीख कापून तो बांधायचा, फोटो नंतर. काही काउंट्यांत नराच्या शिंगांच्या रुंदीचीही अट असते, कमीतकमी १३ इंच वगैरे, ते आधी बघून ठेवायचं. खाण्याजोगं मटण टाकून देणं हाही गुन्हा आहे, तर मोठा कूलर न्या. मटणाला चरबी जवळजवळ नसते, सुकं करताना तेल जरा हात सैल सोडून घाला नाहीतर वातड होतं. शिंगं भारतात न्यायचा विचारही करू नका, तिथल्या कस्टमला समजावत बसाल. आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका, मी एकदा टाकला होता, मावशी दीड वर्ष बोलली नाही.

परत एकदा, तुमच्यापुरतं. नोव्हेंबरात फक्त डुक्कर, तर ४८ डॉलरचं पाच दिवसांचं. डिसेंबरच्या मध्यानंतर हरीण-डुक्कर दोन्ही, तर २५ डॉलरचं रेसिडेंट. मध्ये कधीतरी वर्गाचा शनिवार, पोराला घेऊन आलात तर त्याचंही होऊन जाईल. लायसन हातात येईपर्यंत रँच नाही, रेंज नाही, सहकाऱ्याच्या ट्रकमधली रायफल 'जरा धर रे' म्हणून दिली तरी नाही. ग्रीन कार्डचा शेवटचा फॉर्म भरून एच-वन सोडून नुसत्या वर्क परमिटवर असाल तर तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं, ते वकिलालाच विचारा, माझ्यासारख्याला नाही.

आणि सहकाऱ्याला फोन कराल तेव्हा एवढं विचारून ठेवा की त्याच्याकडे शॉटगन कुठल्या गेजच्या, म्हणजे नळीच्या कुठल्या मापाच्या (आकडा मोठा तेवढी नळी बारीक), आहेत. १२ आणि २० दोन्ही असतील तर २० ची काडतुसं, ती बहुतेक पिवळी असतात, तुमच्या खिशात एकही नको. २० चं काडतूस १२ च्या नळीत चुकून टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, वरून बघितलं तर बंदूक रिकामी वाटते, मग माणूस त्याच्या मागे १२ चं भरतो. अशी एक फाटलेली नळी मी वर्गात टेबलावर ठेवतो. आलात की बघा.